वैमानिकाची चूक : एका निष्कर्षाची तपासणी

विमान-अपघातांची कोष्टके सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत असतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत असतात आणि आता चित्रफितींतही असतात. त्यांतला शेवटचा रकाना कारणाचा असतो. त्यात वारंवार आढळणारे दोन शब्द म्हणजे ‘वैमानिकाची चूक’. वाचणाऱ्याचे समाधान होते आणि तो पुढच्या ओळीकडे वळतो. माझी तक्रार या समाधानाबद्दल आहे. एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत ‘उत्तर चुकले, कारण माझी चूक’ असे लिहिले तर आपण ते कारण म्हणून मान्य करत नाही. तापमापक नीट बुडवला नव्हता का, वाचन घेताना डोळा तिरका होता का, मोजपट्टीचा शून्य झिजला होता का, असे आपण विचारतो. मग दोनशे तेरा माणसांच्या मृत्यूचे कारण दोन शब्दांत कसे संपते?

हा विषय आता घेण्यास एक निमित्त आहे. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. हा विमानतळ रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. उरण-पनवेलपासून अलिबागपर्यंतच्या शाळांत विमानाविषयीचे प्रश्न पूर्वीही येत. आता ते अधिक येतात. अलिबागजवळ झालेल्या शिक्षकांच्या एका शिबिरात मुंबईच्या समुद्रात पडलेल्या ‘एम्परर अशोक’ या विमानाचा विषय निघाला. फळ्यावर त्याची माहिती चार ओळींत लिहिली गेली आणि चौथी ओळ अर्थातच वर सांगितलेली होती. ती ओळ लिहिणाऱ्या शिक्षकांना दोष देता येणार नाही. मूळ चौकशीच्या निष्कर्षातच तिचे बीज आहे. या लेखात त्या निष्कर्षाचीच तपासणी करायची आहे.

प्रथम घटना पाहू. ‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचे पहिले बोईंग ७४७. ते १९७१ मध्ये मुंबईत आले तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले होते. एअर इंडियाने १९६० मध्ये बोईंग ७०७ घेऊन जेटयुगात पाऊल टाकले आणि १९६२ मध्ये पंख्याची सर्व विमाने निवृत्त केली. संपूर्ण ताफा जेट असणारी ती जगातली पहिली विमान कंपनी मानली जाते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास ‘एम्परर अशोक’ने सांताक्रूझ विमानतळावरून दुबईसाठी पश्चिमेकडे उड्डाण केले. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. कप्तान मदनलाल कुकर यांच्या गाठीशी सुमारे १८,००० तासांचे उड्डाण होते. शेजारी सहवैमानिक इंदू वीरमणी आणि मागे उड्डाण-अभियंते अल्फ्रेडो फारिया. किनारा ओलांडल्यावर विमानाने ठरल्याप्रमाणे उजवीकडे हलके वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. त्यानंतर ते डावीकडे कलू लागले आणि कलतच गेले. काटकोनाच्याही पुढे, म्हणजे पंख उभा होऊन पाठ खाली जाऊ लागेपर्यंत ते कलले आणि नाक खाली करून वांद्र्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर समुद्रात कोसळले. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंद झाले होते. कोणीही वाचले नाही.

त्या रात्रीच्या काळोखाचा विचार रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाचकाला सहज करता येईल. (जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, रायगड हे नाव १९८१ मध्ये आले.) किहीम किंवा मांडव्याच्या वाळूत उभे राहून चंद्र नसलेल्या रात्री पश्चिमेकडे पाहा. आकाश कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते कळत नाही. दूरवरचा एखादा दिवा मासेमारी होडीचा की तारा, हे ठरवायला वेळ लागतो. त्या रात्री चंद्र होता का, हे विद्यार्थ्यांना काढायला द्यावे. २४ मार्च १९७८ रोजी खग्रास चंद्रग्रहण झाले, म्हणजे तो दिवस पौर्णिमेचा. त्यातून साडेएकोणतीस दिवसांचे तीन चांद्रमास वजा केले की २५ डिसेंबर १९७७ येतो. एक जानेवारी ही त्यानंतर सात दिवसांनी, कृष्ण पक्षातल्या सप्तमी-अष्टमीच्या सुमारास. त्या तिथीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. पावणेनऊ वाजता शहराचे दिवे विमानाच्या पाठीमागे राहिले होते आणि समोर काळोखाशिवाय काही नव्हते.

आता निष्कर्ष पाहू. भारत सरकारने नेमलेल्या चौकशीने सापडलेल्या नोंदयंत्रांच्या आधारे घातपाताची शंका बाजूला सारली. संभाव्य कारण म्हणून जे मांडले त्याचा आशय असा : कप्तानापुढील स्थितिदर्शक यंत्र बिघडले, त्यामुळे विमानाच्या कलाची त्याला मुळीच जाणीव उरली नाही आणि त्याने सुकाणू अतार्किकपणे फिरवले, इतर यंत्रांवरून विमानाची स्थिती ओळखणे चालकदलाला जमले नाही. मूळ इंग्रजीत सुकाणू फिरवण्याला लावलेले विशेषण ‘इरॅशनल’ हे आहे. माझा आक्षेप या एका विशेषणाला आहे. विशेषण काढले तर वाक्य खरे राहते. ते ठेवले की वाक्याचा पहिला अर्धा भाग दुसऱ्याला खोटे पाडतो. ते कसे, हे समजण्यासाठी या यंत्राची आणि आपल्या कानाची थोडी ओळख हवी.

मुलांना भोवरा माहीत असतो. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी सोडत नाही. त्याला तिरका करू पाहिले तर तो विरोध करतो. असा भोवरा, म्हणजे गायरोस्कोप, चौकटीत अशा रीतीने टांगला की विमान कसेही कलले तरी त्याचा आस उभाच राहील, तर त्याच्याशी तुलना करून विमानाचा कल मोजता येतो. हेच कृत्रिम क्षितिज. तबकडीत वर निळा आणि खाली तपकिरी किंवा काळा भाग, मधे रेघ, आणि त्यापुढे विमानाची छोटी आकृती. मोठ्या जेटमध्ये भोवरा तबकडीत नसतो. तो विमानाच्या पोटात असतो आणि त्याचा संदेश तारांमधून तबकडीपर्यंत येतो. त्यामुळे भोवरा उत्तम फिरत असला तरी तबकडी अडकू शकते, हे लक्षात ठेवावे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, बाहेरचे काहीही न पाहता, उड्डाण केले, फेरी मारली आणि विमान उतरवले. त्यांच्यापुढे स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज होते. तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते दिवसाउजेडी. त्या छोट्या विमानाच्या वैमानिकाला खरे क्षितिज डोळ्यांपुढे असे आणि किनारा हाच त्याचा नकाशा असे. टपालाचे छोटे विमान ते साडेतीनशे टनांचे जेट या प्रवासात वैमानिकाची नजर काचेतून तबकडीवर आली.

यंत्राची एवढी गरज का, असे विद्यार्थी विचारतील. तोल तर आपल्याला डोळे मिटूनही कळतो. जमिनीवर कळतो हे खरे. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका वळते, द्रव क्षणभर मागे राहतो आणि त्याच्या त्या मागे राहण्यावरून मेंदूला वळण कळते. पण वळण एकाच गतीने चालू राहिले तर पंधरा-वीस सेकंदांत द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो आणि वळल्याची जाणीव संपते. मग वळण थांबले की द्रव पुढे जात राहतो आणि आपण उलट्या दिशेने वळतो आहोत असे वाटते. शिवाय सेकंदाला दोन अंशांच्या आसपास किंवा त्याहून सावकाश होणारे कलणे या नलिकांना बहुधा कळतच नाही.

गुरुत्वाकर्षणाची दिशा तरी कळेल ना? तीही फसवते. पाण्याने भरलेली बादली हात ताणून गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, कारण बादलीतल्या पाण्यापुरती ‘खाली’ ही दिशा तळाकडे असते. व्यवस्थित वळण घेणाऱ्या विमानात तसेच होते. वीस अंश कललेल्या विमानात पेल्यातले पाणी पेल्याच्या काठाशी समांतरच राहते. प्रवाशाचे वजन फक्त सहा टक्क्यांनी वाढते, म्हणजे साठ किलोचा माणूस चौसष्ट किलोचा होतो, आणि एवढा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. खिडकीचा पडदा लावला असेल तर आपण सरळ जातो आहोत की वळतो आहोत हे प्रवासी सांगू शकत नाही. इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये यंत्रांवर उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना बाहेरचे दृश्य आणि कृत्रिम क्षितिज दोन्ही काढून घेऊन उडवले गेले. सर्वांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत.

म्हणून वैमानिकाच्या शिक्षणातला एक धडा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा गिरवून घेतला जातो : शरीर काही सांगो, यंत्र सांगते ते खरे. हा धडा योग्यच आहे. त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. आता कुकर यांच्या खुर्चीत बसून पाहा. उजवे वळण पूर्ण झाले, विमान सरळ झाले, पण समोरची तबकडी उजवीकडे कललेलीच राहिली. उजव्या वळणातून बाहेर येताना शरीराला आपण डावीकडे कललो असे वाटू शकते. पण शरीराचे ऐकायचे नाही, हाच तर धडा. बाहेर क्षितिज नाही. तबकडी म्हणते, विमान उजवीकडे कलले आहे. अशा वेळी सुकाणू डावीकडे वळवणे यात अतार्किक काय आहे? उपलब्ध माहितीवरून निघणारा तोच तर्क आहे. माहिती खोटी होती, हा दोष तर्काचा नव्हे.

पुढचा भाग विज्ञानाच्या शिक्षकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. तबकडी पाहून सुकाणू फिरवणारा वैमानिक म्हणजे प्रत्याभरणाचे एक वर्तुळ असते. कल दिसतो, हात दुरुस्ती करतो, कल कमी झालेला दिसतो, हात थांबतो. या वर्तुळात ‘थांब’ हा संदेश तबकडीकडून येतो. तबकडी अडकली की तो संदेश कधीच येत नाही. दुरुस्ती केली, तबकडी हलली नाही. म्हणजे दुरुस्ती अपुरी पडली. म्हणजे आणखी हवी. शीतकपेटीतला तापमानाचा संवेदक ‘गरम आहे’ यावरच अडकला तर यंत्र बर्फ साठेपर्यंत चालत राहते. त्या यंत्राला आपण अतार्किक म्हणत नाही. समजा विमान सेकंदाला दहा अंशांनी कलत असेल, तर सरळ स्थितीपासून काटकोनापर्यंत पोचायला नऊ सेकंद पुरतात. हे उदाहरण मी हिशेबासाठी घेतले आहे. पण हा सारा प्रसंग किती थोड्या वेळात मावतो याची कल्पना त्यावरून यावी.

निष्कर्षाच्या उत्तरार्धाबद्दल माझी तक्रार नाही आणि तो सौम्य करण्याचीही माझी इच्छा नाही. इतर यंत्रे होती. सहवैमानिकापुढे दुसरे कृत्रिम क्षितिज होते, मधोमध तिसरे राखीव होते. विमान कोणत्या दिशेला वळते आहे हे होकायंत्राच्या तबकडीवर दिसत होते. एक यंत्र दुसऱ्याशी ताडून पाहणे हे वैमानिकाचे कामच आहे आणि अठरा हजार तासांच्या अनुभवी माणसाकडून ती अपेक्षा करणे गैर नाही. कुकर यांना सर्वस्वी निर्दोष ठरवणारा लेखही मला तितकाच अपुरा वाटेल. पण ताडून पाहणे म्हणजे नेमके काय, हेही सांगितले पाहिजे.

याचे एक शांत, संथ उदाहरण आमच्या किनाऱ्यावरच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांनी ती मोजमापे अलिबागला हलवली. अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. पण कुलाब्याची लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या एकमेकींशी जुळवल्या गेल्या. नव्या उपकरणावर विश्वास बसायला दोन वर्षे दिली गेली. माझे स्वतःचे काम मोजमापाच्या उपकरणांशी आहे आणि दोन उपकरणे वेगवेगळे आकडे दाखवू लागली की काय होते हे रोजच्या परिचयाचे आहे. दोन उपकरणांवरून फरक आहे एवढेच कळते. खोटे कोणते, हे त्या दोघांवरून कळत नाही. त्यासाठी तिसरे लागते, आणि तिसऱ्याकडे पाहायला वेळ लागतो. प्रयोगशाळेत तो असतो.

‘एम्परर अशोक’च्या कक्षातले अखेरचे बोलणे नोंदयंत्रात सापडले. आपल्या यंत्राला काहीतरी झाले आहे, हे कुकर यांच्या लक्षात आले होते आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले. वीरमणी यांचे उत्तर असे आहे की त्यातून त्यांचे यंत्रही बिघडले असा अर्थ निघतो आणि ठीक आहे असाही. त्यानंतर फारिया यांनी ‘त्या’ यंत्रावर विसंबू नका अशा अर्थाचा इशारा दिला. ‘त्या’ म्हणजे कोणत्या? डाव्या, उजव्या, की मधल्या? मोडक्या वाक्यांतून अर्थ लावायला लागणारे दोन-तीन सेकंद त्या क्षणी फार महाग होते. संशयाची पहिली पायरी कप्तानाने ओलांडली होती. दुसरी, म्हणजे ‘माझे खोटे, तुझे खरे, सुकाणू तू घे’, ही ओलांडण्यापूर्वी समुद्र आला. मी निष्कर्ष लिहिला असता तर या दोन पायऱ्यांमधले अंतर त्यात आणले असते. ‘अतार्किक’ या शब्दाने तेच नेमके झाकले जाते.

यंत्रे बनवणाऱ्यांची बाजूही येथे नोंदवायला हवी. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत बोईंग आणि यंत्रांच्या उत्पादकांवर दावे लावले. १९८० च्या दशकाच्या मध्यात तेथील न्यायालयाने निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला. खटल्यात प्रश्न भरपाई कोणी द्यायची हा असतो, म्हणून तेथे दोषी कोण हे ठरवावे लागते. अपघाताच्या चौकशीत प्रश्न वेगळा असतो : पुन्हा असे होऊ नये म्हणून काय बदलायचे? पहिल्या प्रश्नाची भाषा दुसऱ्याच्या उत्तरात शिरली की ‘अतार्किक’सारखी विशेषणे येतात.

जेट प्रवासी विमानांच्या इतिहासात हे अगदी सुरुवातीपासून घडत आले आहे. जगातले पहिले जेट प्रवासी विमान ‘कॉमेट’ २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला नियमित सेवेवर निघाले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला रोमच्या धावपट्टीवर एक कॉमेट उचललेच नाही. कोणी दगावले नाही. कप्तान हॅरी फूट यांनी नाक फार वर उचलले, असा ठपका आला आणि त्यांना जुन्या मालवाहू विमानांवर पाठवण्यात आले. पुढच्या मार्चमध्ये कराचीला दुसरे कॉमेट तसेच धावत राहिले आणि अकराही जण गेले. तेथेही दोष वैमानिकाचा. पण एकाच जातीच्या दोन विमानांत दोन वेगवेगळ्या माणसांकडून तीच चूक होते म्हटल्यावर विमानाकडे पाहणे भागच होते. नाक विशिष्ट कोनापलीकडे उचलले की त्या पंखाची उचल कमी होत होती आणि रोध वाढत होता; वैमानिकाला त्याची पूर्वसूचना मिळत नव्हती. कारखान्याने पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलला. फूट यांच्या नावावरचा ठपका मात्र निघाला नाही. कॉमेटची गोष्ट सांगताना सगळे १९५४ च्या दोन अपघातांवर आणि धातूच्या थकव्यावर येतात, ते बरोबरच आहे. पण शाळेत सांगायची असेल तर मी रोमपासून सुरुवात करीन.

आता पुढच्या काळातले एक उदाहरण. २२ डिसेंबर १९९९, लंडनजवळचे स्टॅन्स्टेड विमानतळ, काळोख पडलेला. कोरियन एअरचे मालवाहू बोईंग ७४७ उडाले. कप्तानाच्या तबकडीवर डावा-उजवा कल दिसतच नव्हता. त्याने डावीकडे वळण सुरू केले. तबकडी सरळच राहिली. त्याने आणखी वळवले. दोन तबकड्यांत फरक आहे असे सांगणारा इशारा वाजत होता, उड्डाण-अभियंता विमान कलल्याचे सांगत होता. सहवैमानिकाची तबकडी बरोबर होती आणि तो गप्प होता. विमान जवळपास नव्वद अंश कलून पडले, चौघेही मेले. एकवीस-बावीस वर्षांच्या अंतराने, त्याच जातीचे विमान, तोच बिघाड, तेच डावे वळण, तोच अंधार. दोन कप्तान, दोन देश. ‘एका माणसाने अतार्किक वर्तन केले’ हे स्पष्टीकरण येथे कोलमडते. ब्रिटिश चौकशी अहवालाने यंत्रातला बिघाड, त्याची उड्डाणापूर्वी झालेली अपुरी दुरुस्ती आणि चालकदलाचे आपसांतले मौन, या सगळ्याची नोंद केली. कप्तानाशी बोलायचे कसे आणि त्याने ऐकायचे कसे, याचे शिक्षण विमान कंपन्यांत १९७९ च्या नासाच्या परिषदेनंतर पसरले. ‘एम्परर अशोक’ त्याच्या एक वर्ष आधी पडले होते. स्टॅन्स्टेडच्या वेळी ते शिक्षण अस्तित्वात होते, तरीही उपयोगी पडले नाही, हे जास्त बोचते.

चांगला अहवाल कसा असतो? १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून दोन्ही इंजिने गेलेले विमान हडसन नदीवर उतरवले गेले आणि १५५ जण वाचले. चौकशीत अनुकरण-यंत्रावर ते उड्डाण पुन्हा करून पाहिले. पक्षी आदळताच मागे वळले तर काही प्रयत्नांत विमानतळ गाठता आला. मग परिस्थिती ओळखून निर्णय घ्यायला माणसाला लागतील असे पस्तीस सेकंद मध्ये धरले. तेव्हा विमान पोचले नाही. हे पस्तीस सेकंद म्हणजे अहवालाने माणसाला दिलेली जागा. २०१६ च्या ‘सली’ या चित्रपटात हाच चौकशी विभाग खलनायकासारखा दाखवला आहे, ते अन्यायाचे आहे. वैमानिकाला नायक करण्यासाठी तपासणीला खलनायक करणे आणि निष्कर्ष सोपा करण्यासाठी वैमानिकाला खलनायक करणे, या दोन्हींत गोष्ट रंगते आणि विज्ञान हरवते.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान पडून २६० माणसे गेली, तेव्हाही हेच झाले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन खटके बंद झाल्याची नोंद होती. ते कोणी आणि का केले याचा निर्णय नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर निकाल लागलेला होता, आणि मृत वैमानिकांना त्यावर अपील करता येणार नव्हते. आपले विद्यार्थी ते पाहत होते.

वर्गात हा विषय घेणार असाल तर एक प्रयोग सुचवावासा वाटतो. फिरती खुर्ची आणावी. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला बसवावे आणि दोन मित्रांना त्याची ‘यंत्रे’ करावे. खुर्ची डावीकडे वळली आहे, उजवीकडे, की सरळ, हे ते आळीपाळीने सांगतील. बसणाऱ्याने हाताने दिशा दाखवायची आणि शिक्षकांनी खुर्ची त्या दिशेला सावकाश फिरवायची. हेतू खुर्ची फळ्यासमोर सरळ ठेवण्याचा. पहिल्या फेरीत दोन्ही यंत्रे खरी असू द्यावीत. दुसऱ्या फेरीपूर्वी एकाला गुपचूप सांगावे की काहीही झाले तरी ‘उजवीकडे’ एवढेच म्हणत राहा. बसणाऱ्याला पहिली शंका किती सेकंदांनी येते, शंका आल्यावरही हात कोणत्या दिशेला जातो आणि तो प्रश्न कोणाला विचारतो, हे बाकीच्यांनी घड्याळ लावून वहीत लिहावे. तिसऱ्या फेरीत तिसरा मित्र द्यावा आणि आकडे शेजारी मांडावेत. खोटे बोलणारे यंत्र कोणते, आणि तसे एखादे आहे हेसुद्धा, बसणाऱ्याला आधी सांगू नये. खुर्ची फिरवण्यापूर्वी जवळची बाके सरकवून घ्यावीत, आणि उठताना मुलाला हात द्यावा. डोळे सोडल्यावर थोडा वेळ जमीन कललेली वाटते.